फाटकावरचा शब्द

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे आठ वाजले होते, आणि स्कोगांच्या खालच्या रानात जे काही उरलं होतं त्याला गवताची गंज म्हणणं म्हणजे गंजीची थट्टाच होती. रात्रभर एल्कांनी ती खाल्ली, उपसली, तुडवली, आणि पोट भरल्यावर तिच्यावरच मुतून ठेवली. घोड्याएवढाली ही हरणं. तीन एल्क जेवल्या की दोन गाईंचा घास गेला, हा आमच्या खोऱ्यातला हिशेब. आणि एल्कांनी घाण केलेल्या गवताला गाय तोंड लावत नाही. उपाशी उभी राहील, पण नाही.

ऑर्व्हिल स्कोग काठी टेकत गंजीभोवती फिरला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, डावा खुबा कामातून गेलेला, थंडीत तर पाय ओढतच चालायचा. त्याची थोरली बहीण व्हर्ना पिकअपच्या दारात उभी राहून समोरच्या उताराकडे बघत होती. तिथे दोनशेवर एल्क माद्या बर्फात रवंथ करत बसल्या होत्या. माणूस दिसल्यावर उठावं, एवढीही तसदी कोणी घेतली नाही.

"बघ, बघ कशा बसल्यात!" व्हर्ना म्हणाली. "माहेरपणाला आल्यात जणू. आता बाळंतविडाही आपणच द्यायचा!"

"किती दिवस पुरेल गं उरलेलं?"

"असंच चाललं तर फेब्रुवारी संपेस्तोवर. गाई विणार मार्चमध्ये, हिरवं उगवणार मे महिन्यात. मधे काय, बर्फ चारायचा?"

ऑर्व्हिलनं काठीनं तुडवलेलं गवत बाजूला सारलं. व्हर्ना नऊ वर्षांची असताना बापानं तिला एक तांबडी कालवड दिली होती. आज गोठ्यावर ज्या एकशे चाळीस गाई होत्या त्या सगळ्या त्या एका कालवडीच्या लेकी, नाती, पणत्या. व्हर्नाला प्रत्येकीची आई ठाऊक होती, आजी ठाऊक होती, कोण पहिल्या वेतात अडली होती तेही ठाऊक होतं. लग्न दोघा भावंडांनीही केलं नव्हतं. 'मी गाई केल्या,' असं व्हर्ना म्हणायची, आणि त्यात तिला काही कमी वाटत नसे.

आता या एल्क स्कोगांच्याच रानात का येतात, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. खोऱ्यात बाकी सगळीकडे हिवाळ्याच्या तोंडाला शिकारी हिंडतात, गोळ्या वाजतात. स्कोगांच्या रानात आठ वर्षांत एक गोळी वाजली नव्हती. व्हर्नानं स्वतःच्या हातानं कुंपणाचे खांब नारिंगी रंगवले होते, मैलच्या मैल. आमच्या राज्यात नारिंगी खांब म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही, विचारायलासुद्धा यायचं नाही. माणसांनी तो रंग ओळखला, आणि एल्कांनीही ओळखला म्हणा ना. जनावर काही मूर्ख नसतं. जिथे मरण नाही तिथे ते लेकुरवाळं होऊन बसतं.

आणि ते खांब ज्या कारणासाठी रंगले ते कारण खोटं होतं. हे ऑर्व्हिलला ठाऊक होतं. दुसऱ्या फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता.

आमच्या खोऱ्यात रीत अशी होती. शिकारी फाटकावर यायचा, मालक खाली उतरायचा आणि सांगायचा, आज गुरं कुठे आहेत, माणसं कुठे आहेत, कुठल्या बाजूला मारायचं, कुठल्या बाजूला नाही. याला फाटकावरचा शब्द म्हणत. कागद नाही, सही नाही. त्या शब्दावर शिकारी डोळे झाकून बंदूक चालवायचा.

आठ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात शेजारच्या ब्रेक्क्यांचा लाइल फाटकावर आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, लाजाळू, दोन वाक्यांत तीनदा 'थँक्यू' म्हणणारा. ऑर्व्हिलनं त्याला सांगितलं, "खाली ओढ्याकाठच्या वाळुंजात जा. तिथे आज कोणी नाही. मी दिवसभर वरच्या कोठारातच आहे. बिनधास्त मार." आणि दहा वाजता एक कालवड ओढ्याकडून हंबरायला लागली तेव्हा ऑर्व्हिल आपला शब्द साफ विसरला. तपकिरी कोट घालून तो वाळुंजाच्या झुडपांत शिरला. लाइलची गोळी एल्कच्या मानेतून आरपार गेली आणि झुडपात ऑर्व्हिलच्या खुब्यात बसली.

दवाखान्यात शेरीफचा माणूस आला. त्यानं विचारलं, "पोरगा म्हणतोय, तुम्हीच त्याला तिकडे मारायला सांगितलं. खरं का?" ऑर्व्हिल तोंड उघडणार, तेवढ्यात उशाशी उभी असलेली व्हर्ना फणकारली. "माझा भाऊ असं सांगेल? चाळीस वर्षं फाटकावरचा शब्द देतोय तो! आपली चूक झाकायला पोरगं वाट्टेल ते बरळतंय." शेरीफच्या माणसानं ऑर्व्हिलकडे बघितलं. ऑर्व्हिल म्हणाला, "मी त्याला वाळुंजाकडे मारू नको म्हटलं होतं."

एवढंच. एक वाक्य. दुसऱ्या दिवशी मागे घेऊ, असं तो स्वतःला म्हणाला. मग दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, तिसऱ्या दिवशी लाइलचा बाप क्लेटन रडत माफी मागायला आला आणि व्हर्नानं त्याला दारातूनच हाकललं, आणि मग ते मागे घ्यायची वेळ निघून गेली ती गेलीच.

तर त्या सकाळी दोघं घरी परतली आणि व्हर्नानं शिकारखात्याला फोन केला. दुपारी टेसा मॅडिगन नावाची तरुण अधिकारी आली. बिचारी बुटांचा बर्फ झटकून, कॉफीचा कप हातात धरून नीट बोलत होती, पण व्हर्नापुढे नीट बोलून कोणाचं भागलंय?

"उंच जाळीचं कुंपण हवंय मला गंजींना. नाहीतर या तुमच्या जनावरांना उचलून घेऊन जा."

"देता येत नाही बाई. जे लोक हंगामात शिकाऱ्यांना आत घेतात त्यांनाच नुकसानीची मदत मिळते. तुमचे खांब आठ वर्षं नारिंगी आहेत."

"वा गं वा! एल्क सरकारची, गवत माझं. ती खाणार, मी बघणार. आणि वर मलाच नियम सांगता?"

"नियम मी नाही केला."

"कोणीच केलेला नसतो तो. आपोआप उगवतो, काट्यांसारखा."

टेसा हसली नाही, चिडलीही नाही. तिनं सांगितलं, एक वाट आहे. आत्ता फाटक उघडायचं लिहून द्या, तर या शनिवारीच खास शिकार ठेवता येईल, फक्त माद्यांची. खात्याकडे इच्छुकांची यादी असते, सोडत काढून बारा नावं येतील. गोळ्या वाजल्या की कळप डोंगरात परतेल, आणि सोमवारी कुंपणाची जाळी येईल. "पण सोडतीत आलेलं नाव खोडता येत नाही हं. बाराच्या बारा आत घ्यायचे, नाहीतर कोणीच नाही."

व्हर्नानं बराच वेळ कप फिरवला. मग सही केली. ऑर्व्हिलनं तिला एवढी हरलेली कधी बघितली नव्हती.

यादी बुधवारी आली. व्हर्नानं चष्मा लावून नावं मोठ्यानं वाचायला घेतली, आणि सातव्या नावाला थांबली. ऑर्व्हिलला न ऐकताच कळलं.

"लाइल ब्रेक्के," ती म्हणाली. कागद तिनं टेबलावर पालथा ठेवला. "नाही. मेले तरी नाही."

"व्हर्ना, सोडत आहे ती..."

"असू दे. ज्यानं तुला लंगडं केलं तो बंदूक घेऊन माझ्या रानात? पुन्हा वर तुला खोटं पाडणारा? त्यापेक्षा गाई विकते. उद्या ट्रकवाल्याला फोन करते, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

आणि ती खरंच तसं करणारी बाई होती. ऑर्व्हिल त्या संध्याकाळी जेवला नाही. माझ्या एका खोट्यापायी हे रान बंद झालं, रान बंद झालं म्हणून कळप वाढला, आणि आता तो कळप तिच्या गाई खायला निघालाय, हे त्याला इतकं लख्ख दिसत होतं की आठ वर्षं दिसलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं. खरं तर दिसत होतं. बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाईंना चारायला निघाली. व्हर्ना ट्रॅक्टर हळूहळू चालवत होती, ऑर्व्हिल मागच्या गाडीवरून गवत खाली ढकलत होता, गाई रांगेनं मागे येत होत्या. मधेच त्यानं ओरडून तिला थांबायला सांगितलं.

"काय झालं? पाय दुखतोय?"

"मीच सांगितलं होतं त्याला," ऑर्व्हिल म्हणाला.

"कोणाला? काय?"

"लाइलला. वाळुंजात कोणी नाही, मार म्हणून. मी वर कोठारात आहे म्हणून. आणि मग मीच विसरलो गं. पोरगा खरं बोलत होता."

व्हर्नानं ट्रॅक्टर बंद केला. गाई गवत ओढत होत्या, फुरफुरत होत्या. ती खाली उतरली, गाडीवर चढली, गवत ओढायचा दुसरा आकडा उचलला आणि त्याच्याशेजारी उभी राहून गवत ढकलायला लागली. गाडी जागची हलली नव्हती, सगळं गवत एकाच ठिकाणी पडत होतं आणि गाई एकमेकींना ढुशा देत होत्या. तिला ते दिसतच नव्हतं.

"इडना," ती शेवटी म्हणाली. लाइलच्या आईचं नाव ते. "पहिलीपासून माझ्या बाकावर बसायची. आई गेली तेव्हा तीन दिवस माझ्या घरी राहिली, माझी वेणी घालायची. मी तिला आठ वर्षं दुकानात पाठ दाखवली, ऑर्व्हिल. क्लेटन गेला तर मी मयतालासुद्धा गेले नाही. चर्चची घंटा ऐकत घरात बसले, आणि मला वाटलं, मी तुझ्या बाजूनं उभी आहे."

"मला माफ..."

"गप्प बस!" तिचा आवाज इतका चढला की गाईंनी माना वर केल्या. "मला तुझी माफी नकोय. मी तुझ्या वतीनं शपथ घेतल्यासारखी बोलले तिथे. मला खरं सांगितलं असतंस तर... नाही, सांगायचं कशाला! मी बोलले तेव्हा एकदा नुसता 'नाही' म्हणाला असतास." ती रडत होती आणि रडण्याचाही तिला राग येत होता. हातमोज्यानं तिनं नाक पुसलं. "ट्रकवाल्याला आता फोन करत नाही. शनिवारी फाटक तू उघडायचंस. त्या पोराला तूच सांगायचंस. मी तिथे नसणार."

पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तेही तुटक तुटक. शुक्रवारी मात्र दिवसभर स्वयंपाकघरात बटाटे उकडत होती, लाटत होती. बटाट्याच्या पातळ पोळ्या, ज्या आमच्या नॉर्वेकडून आलेल्या घरांत फक्त नाताळात करतात. कोणासाठी, ते ऑर्व्हिलनं विचारलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता फाटकाबाहेर नऊ गाड्या लागल्या. थंडी शून्याच्या खाली पार गेली होती, तोंडातून वाफ निघायची आणि मिशांवर गोठायची. बारा माणसं नारिंगी बंड्या घालून गोळा झाली. टेसानं पिकअपच्या बॉनेटवर छापील कागद मांडले होते, प्रत्येकानं नाव आणि वेळ लिहायची. लाइल ब्रेक्के कडेला उभा होता. आता सत्तावीस वर्षांचा, दाढीवाला, खांद्यानं रुंद. लाजाळूपणाचा मागमूस नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी होती. लोक त्याच्याशेजारी उभे राहत नसत, आणि त्याला त्याची सवय झाली असावी.

ऑर्व्हिलनं कुलूप काढलं. फाटक ढकललं.

"लाइल, जरा बाजूला येतोस का? दोन शब्द बोलायचेत."

"इथेच बोला, मिस्टर स्कोग," लाइल म्हणाला. पूर्वी तो नुसतं 'ऑर्व्हिल' म्हणायचा. "मागच्या वेळी आपण दोघंच होतो."

कोणीतरी खोकलं. टेसानं पेन खाली ठेवलं. ऑर्व्हिल सगळ्यांकडे वळला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनीच ऐका मग. आठ वर्षांपूर्वी मी याच फाटकावर या पोराला शब्द दिला. वाळुंजात आज कोणी नाही, मी वर आहे, तिकडे मार. आणि मीच तिकडे गेलो. त्याची काही चूक नव्हती. दवाखान्यात मी खोटं सांगितलं. पोरगा पहिल्यापासून खरं सांगत होता."

हार्लन नावाचा म्हातारा होता, गावच्या आग विझवणाऱ्या तुकडीचा प्रमुख. त्यानंच लाइलला तुकडीतून काढलं होतं. तो आपल्या बंदुकीच्या पट्ट्याशी खेळत राहिला, मान वर करेना.

"झालं?" लाइलनं विचारलं.

"मला फार वाईट वाटतं, लाइल. रोज वाटतं."

"रोज?" लाइल हसला, पण ते हसू बघवेना. "माझा बाप दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणाला, लाइल, आता तरी खरं सांग, ऑर्व्हिल तसं म्हणाला होता का रे? मी म्हटलं, हो बाबा. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. तुमच्यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. तुम्ही तीन मैलांवर होतात, मिस्टर स्कोग. यायला दहा मिनिटं लागली असती."

ऑर्व्हिलच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच गारठलं.

लाइलनं बॉनेटवरचा कागद उचलला, आपलं नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग दुसरा कोरा कागद आणि पेन ऑर्व्हिलपुढे धरलं.

"आज तुम्ही कुठे असणार?"

"इथेच. फाटकावर."

"लिहून द्या."

"लाइल, अरे..." हार्लन पुटपुटला.

"तुम्ही मधे पडू नका. लिहून द्या, मिस्टर स्कोग. मी बाहेर येईपर्यंत."

आमच्या खोऱ्यात शंभर वर्षांत कोणी कोणाकडून असं लिहून घेतलं नव्हतं. ऑर्व्हिलनं हातमोजा काढला. बोटं थंडीनं वळत नव्हती, पेनची शाई दोनदा अडकली. 'लाइल ब्रेक्के बाहेर येईपर्यंत मी फाटकावर असेन. ऑर्व्हिल स्कोग.' टेसानं साक्षीदार म्हणून न सांगताच खाली सही केली. लाइलनं कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला, घडी करून बंडीच्या आत ठेवला आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागला. बाकीचे अकरा जण एकेक करत त्याच्यामागे गेले.

पहिली गोळी साडेआठला वाजली. मग लागोपाठ आणखी. उतारावरचा कळप उठला, एकदा या बाजूला वळला, एकदा त्या, आणि मग सगळाच्या सगळा डोंगराकडे धावत सुटला. आठ वर्षांत पहिल्यांदा. व्हर्नाच्या गाई वाचल्या होत्या. ऑर्व्हिलला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

अकराला व्हर्नाची पिकअप घराकडून आली. शेजारच्या सीटवर फडक्यात बांधलेला डबा होता. ऑर्व्हिलनं फाटक उघडून धरलं. तिनं त्याच्याकडे न बघता गाडी बाहेर काढली आणि ब्रेक्क्यांच्या घराच्या रस्त्याला लावली.

ती परत आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. डबा तसाच सीटवर होता, फडक्याची गाठही सुटलेली नव्हती. या वेळी तिनं गाडी थांबवली, काच खाली केली.

"दार उघडलं का तिनं?" ऑर्व्हिलनं विचारलं.

"उघडलं. आत ये म्हणाली नाही. मी दारातच सांगितलं सगळं. ऐकून घेतलं तिनं, सगळं." व्हर्ना समोर रस्त्याकडे बघत बोलत होती. "मग म्हणाली, तू कशाला आलीस, व्हर्ना? त्याचं तू का बोलतेस? तेव्हाही तूच बोललीस. त्याला पाठव."

ऑर्व्हिल काठी टेकत लगबगीनं पलीकडच्या दाराकडे गेला. "चल मग. आत्ताच जाऊ. चल, मला ने."

व्हर्नानं आतून कळ दाबून ते दार लॉक केलं.

"लाइल आला का बाहेर?"

"नाही अजून."

"मग कसा येतोस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, फार दमलेला होता तो. तिनं सीटमागची घोंगडी ओढून खिडकीतून त्याच्या हातात दिली आणि गाडी घराकडे नेली.

ऑर्व्हिलनं घोंगडी खांद्यावर घेतली. बारापैकी सात जण आपापली मारलेली एल्क ओढत येऊन गेले होते, कोणी मान हलवली होती, कोणी तेवढीही नाही. खाली वाळुंजात एक गोळी वाजली, मग बराच वेळ काहीच नाही. दुखरा पाय बधिर झाला होता. फाटकाशेजारी बसायला लाकडाचा ओंडका होता, पण तो बसला नाही, ओढ्याकडून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला. इडनाकडे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तो जुळवत होता, आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.